आज हे हात माझे नाहीत

"उद्या या. आज हे हात माझे नाहीत." दोन्ही तळवे उताणे करून ती असे सांगे, आणि तेलासाठी आलेला माणूस रिकामी बुधली घेऊन परत जाई.

मुलांनो, तुम्ही बडोद्याला असता, म्हणून पुण्याच्या शनवार पेठेतल्या आमच्या तेलिणीविषयी लिहिते. गोष्ट पेशवाईतली, माझ्या लहानपणची. ती मूळची कोकणातली, बनी इस्राईल. हे लोक शनिवार देवाचा मानतात, त्या दिवशी घाणा चालवीत नाहीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. संगमावरच्या इंग्रज रेसिडेंटाकडची मडम मला इंग्रजी शिकवी. ती म्हणाली, "हे यहुदी. आमच्या बायबलात यांच्याच गोष्टी आहेत." मी धावत जाऊन तेलिणीला सांगितले.

"अगो बाय! आमच्या गोष्टी विलायतेला पोचल्या? मी बापडी घाट चढले तेवढ्यातच दमले!"

नवरा वारल्यावर घाणा तिनेच चालवला. बाईच्या नावाचा घाणा पेठेत पहिलाच. सकाळी तेलीण आडवी आली की अपशकुन, असे लोक म्हणत. ती म्हणे, "मग शनवारी निघा की कामाला. त्या दिवशी मी आडवी येत नाही."

अडचण अशी, की मारुतीला तेल वाहायचे शनिवारी, आणि आळीतला एकुलता घाणा बंद तोही शनिवारीच. पुजारीबुवांना तेल त्याच दिवशी काढलेले हवे. त्यांनी तक्रार केली आणि कोतवालाचा निरोप आला : शनिवारी घाणा चालव, नाहीतर पेठ सोड. कोकणात तिचे कोणी उरले नव्हते. जाणार कुठे?

माझे वडील चार शब्द बोलायला निघाले. ती म्हणाली, "नको, अण्णा. दिवस माझा, तोंडही माझंच." तरी अण्णा मागोमाग गेलेच.

चावडीत कोतवाल म्हणाले, "देव काय, रोजच असतो. तू सोमवार धर."

"धरते, सरकार. आपण एकादशी द्वादशीला धरा."

त्या दिवशी नेमकी एकादशी होती आणि कोतवालांच्या पोटात दोन रताळ्यांखेरीज काही नव्हते. पण कोतवालच खदखदून हसले, असे अण्णा सांगत, आणि तक्रार घेऊन आलेल्या पुजारीबुवांकडे वळले.

"काय हो बुवा, आदल्या दिवशीचं तेल मारुतीला बाधतं काय?"

बाईमाणसाने कोतवालाकडून आपला वार राखून घ्यावा, असे आमच्या पेठेत तरी त्याआधी घडले नव्हते. पुढच्या शुक्रवारी पुजारीबुवा सगळ्यांच्या आधी हजर. तिने बुधली भरली आणि वर आणखी एक पळी ओतली. "मारुतीला सांगा, ही माझ्याकडून." मग घाणा पुसला, बैलाला गूळ दिला आणि दिवेलागणीच्या आत आपला दिवा लावला; त्यांचा शनवार शुक्रवारच्या सांजेलाच लागतो.

पेशवाई गेली. कंपनीच्या पलटणीबरोबर तिच्या लोकांतले शिपाई पुण्यात आले, तेव्हा ती छावणीत त्यांच्यात राहायला गेली. तिथेच वारली. घाण्याच्या जागी आता भुसाराचे दुकान आहे. ते शनिवारीही उघडे असते.

मारुतीचे तेल मात्र आमच्या आळीत अजून शुक्रवारीच आणून ठेवतात. परवा शुक्रवारी तुमच्या धाकट्या काकूला मुद्दाम विचारले, "का गं, आजच का?"

"अहो, असं काय करता सासूबाई? आपल्याकडे पूर्वापार रीतच आहे तशी!"