खटका अण्णा

रेडिओ लावण्यापेक्षा तो बंद करण्यासाठी खटका अण्णा जास्त ओळखले जात. खांडबाऱ्यात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सरकारी रेडिओ होता आणि त्याच्या पेटीची किल्ली अण्णांकडे होती. कापसाचे भाव चालू असोत की भजन, कार्यक्रम रंगात आला की अण्णा उठत आणि खटका बंद करत. ओट्यावर शांतता पसरे. अण्णा समोरच्या माणसांकडे एकदा डावीकडून उजवीकडे पाहत आणि खटका पुन्हा चालू करत. तेवढ्यात त्यांची मोजणी झालेली असे.

तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. आम्ही धुळ्याचेच होतो. गावोगावी दिलेले रेडिओ किती लोक ऐकतात, याची चौकशी करायला धुळ्याच्या एका कचेरीतून एक साहेब जीपने फिरत असत. बहुतेक गावांतले किल्लीवाले ओट्यावरची गर्दी पाहून आकडा सांगत. अण्णांना ते मान्य नव्हतं. ओट्यावर लिंबाची सावली होती, बाजाराच्या दिवशी तिथे निम्मा गाव टेकायला येई. त्यांचा नियम एका वाक्याचा होता. ‘जो मान फिरावस तो आयकनारा. बाकीना सावलीले उनेल शेत.’ आवाज थांबल्यावर ज्याची मान रेडिओकडे वळली, तेवढाच माणूस आकड्यात येई.

या मोजणीची गावाने यथेच्छ थट्टा केली. एकदा कुणीतरी ओट्याच्या कडेवरून ओरडलं, “अण्णा, मन्ही मान आखडेल शे, फिरत नही. माले मोजी ल्या!”

“तुन्ही मान आखडेल नही, तुन्हा डोया लागेल शेत,” अण्णा म्हणाले आणि त्याला सोडून पुढे गेले.

अण्णा धंद्याने शिंपी. ओट्यासमोरच त्यांचं दुकान होतं, म्हणून किल्ली त्यांच्याकडे आली. रेडिओला त्यांनी उरलेल्या कोटाच्या कापडाचा अभ्रा शिवला होता, आतून अस्तर लावून. रेडिओ ते कधी बसून ऐकत नसत. काही ऐकायचं असलं की शिलाईयंत्रावरचा पाय थांबे आणि ते उठून दारात उभे राहत. त्यांच्या पत्नीला सगळे जिजी म्हणत. त्या दुकानामागच्या खोलीतून बोलत आणि समोरच्या ओट्यापर्यंत ऐकू जाई. “रेडिओना खटका तरी वाजस,” त्या एकदा म्हणाल्या, “तुम्हना कानना खटका बंद व्हस, त्यानी खबर बी लागत नही.” त्या दिवशी ओट्यावरच्या सगळ्या माना फिरल्या. अण्णांनी त्या मोजल्या नाहीत.

खऱ्या आकड्याचा व्हायचा तो परिणाम झाला. शेजारच्या गावांचे आकडे शेकड्यांत जात, खांडबाऱ्याचे क्वचित विशीच्या वर चढत. साहेब वाईट माणूस नव्हते. एवढ्या गावांच्या धुळीने ते थकलेले असत. ते अण्णांना म्हणाले, “वर आकडा पोचावा लागतो. तो कसा मोजला, हे तिथे कुणी विचारत नाही. तुमचं गाव यादीत शेवटी दिसतं आणि शेवटच्या गावांचे रेडिओ काढून घेणार आहेत.” त्यांनी एक वाटही दाखवली. मुंबईतल्या पगारी संघांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना रेडिओवरून सांगितला जाणार होता. त्या दिवशी कुठे किती लोक ऐकतात, हे कचेरीला हवं होतं. साहेब त्यासाठी स्वतः खांडबाऱ्याला थांबणार होते. आकडा बरा आला तर रेडिओ राहील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

खांडबाऱ्याला फुटबॉल नवा नव्हता. मिशनच्या शाळेतली मुलं भाताच्या मोकळ्या खाचरांत अनवाणी खेळत. त्यांतलाच याकूब हा डोंगराकडच्या पाड्यावरचा मुलगा, मुंबईच्या एका गिरणीने पगारावर नेलेला. अंतिम सामन्यात तो खेळणार होता. त्याचे वडील जेठ्याबाबा बाजाराला खाली उतरत. घरी ते कोकणा आदिवासींची कोकणी बोलत, बाजारात आमच्याशी अहिराणी. मुलाला मुंबईत खेळताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि पाहण्याची शक्यताही नव्हती. सामन्याच्या आठवडाभर आधी ते दुकानाच्या पायरीवर बसून अण्णांना विचारत होते.

“याकूबनं नाव येई ना, अण्णा?”

“येई, बाबा. पुढे बठी जा त्या दिवशे.”

सामन्याच्या दुपारी ओटा भरला, लिंबाखालची जागा भरली आणि लोक रस्त्यावर उभे राहिले. पाड्यांवरून माणसं आली होती, बाजारातली दुकानं अर्धी मिटलेली होती. जेठ्याबाबा अगदी पुढे, रेडिओपासून हातभर अंतरावर, कानांवर येणारं पागोटं उतरवून मांडीवर घेऊन बसले. साहेबांनी गर्दीकडे पाहून खिशातून पेन काढलं. “अण्णा, दोनशे धरतो. आज तुम्ही काही करू नका.”

अण्णांनी नकारार्थी मान हलवली. रेडिओ जाणार ही गोष्ट गावभर झाली होती, हे त्यांना ठाऊक होतं. ते हळू आवाजात म्हणाले, “साहेब, हाई गर्दी रेडिओले वाचाडाले उनी. आयकाले कितला उनात, ते माले पाह्यनं शे.”

“मग मध्यंतरात बघा.”

“मध्यंतरमा आयकाले काय ऱ्हास? तव्हय कोनी बी उठी जास.”

मागून एक जण ओरडला, “अण्णा, आज खटकाले हात लावू नका बरं!” लोक हसले. अण्णा हसले नाहीत.

समालोचन काही वेळ हिंदीत चाले, काही वेळ इंग्रजीत. इंग्रजी सुरू झालं की लोक आवाजाच्या चढउतारावरून चेंडू कुठे असेल ते ठरवत. याकूबचं नाव पूर्वार्धात दोनदा आलं, दोन्ही वेळा इंग्रजीत, घाईत, इतर नावांच्या गर्दीत. जेठ्याबाबांनी दोन्ही वेळा शेजाऱ्याला विचारलं. शेजाऱ्याची खात्री नव्हती.

उत्तरार्धात हिंदी सुरू झालं. गोल कुणाचाच नव्हता. चेंडू रेषेबाहेर गेला, एक खेळाडू खाली बसला आहे, खेळ थांबला आहे, असं समालोचक म्हणाला. अण्णांनी हीच वेळ निवडली. त्यांनी खटका बंद केला.

अण्णांची पद्धत जुन्या रेडिओवर बसलेली होती. तो बॅटरीवर चाले आणि खटका दाबताच बोलू लागे. गावात वीज आल्यावर विजेवरचा नवा रेडिओ आला. त्याच्या आतल्या काचेच्या नळ्या तापल्याशिवाय आवाज फुटत नसे. कापसाच्या भावांत एवढा वेळ कुणाला जाणवला नव्हता. अण्णांनाही नाही. त्यांचा हात जुन्याच सवयीने चालला.

ओट्यावरच्या, लिंबाखालच्या आणि रस्त्यावरच्या सगळ्या माना वळल्या. झोपलेला कुणी नव्हता, पाठ करून बसलेला कुणी नव्हता. सावलीसाठी कुणीही आलं नव्हतं. अण्णांनी डावीकडून उजवीकडे पाहिलं आणि खटका चालू केला. रेडिओचा दिवा लागला. आवाज आला नाही. लोक त्या दिव्याकडे पाहत राहिले. कुणीतरी शिवी दिली, कुणीतरी त्याला गप्प केलं.

आवाज आला तो मैदानाच्या आरोळीचा. समालोचक बदलला होता आणि इंग्रजीतून ओरडत होता.

“गोल झाया!”

“गोल झाया, पन कोना?”

कुणालाच सांगता येईना. पुढे धावसंख्या सांगितली तेव्हा याकूबचा संघ एका गोलने पुढे असल्याचं कळलं. सामना तसाच संपला. ज्याने गोल मारला त्याचं नाव पुन्हा आलं असेल तर आरोळ्यांत बुडालं. साहेबांनी आकडा लिहिला. या वेळी अण्णांचा आकडा आणि त्यांचा आकडा एकच होता. रेडिओ खांडबाऱ्याला राहिला.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने वर्तमानपत्र आलं. गोल याकूबचा होता. अण्णा ते घेऊन पाड्याकडे चढून गेले. तशी चढण त्यांना झेपत नसे. अंगणात उभं राहून त्यांनी ती बातमी वाचून दाखवली, मग पुन्हा एकदा वाचली. जेठ्याबाबांनी कागद हातात घेतला, नाव कुठे आहे ते बोटाने विचारून घेतलं.

“कागदवर शे, ते बरं शे,” ते म्हणाले. “पन माले आयकनं व्हतं.”

त्यांनी अण्णांना पाणी दिलं, भाकर खाऊन जायला सांगितलं. राग त्यांच्या बोलण्यात कुठेच नव्हता. अण्णा जेवले नाहीत.

त्याच आठवड्यात अण्णांनी किल्ली पंचायतीत ठेवली. सरपंचांनी खूप समजावलं. गाव रागावलेलं होतं, पण आकडा खरा निघाला आणि रेडिओ राहिला, हेही लोक बोलत होते. नवा किल्लीवाला हुशार निघाला. तो साहेबांना ठोकळ आकडे सांगे, साहेब ते लिहून घेत आणि चहा पिऊन नवापूरच्या रस्त्याला लागत. नाताळात याकूब घरी आला. अण्णांनी त्याला वडिलांसमोर दुकानात बसवलं आणि तो गोल पहिल्यापासून सांगायला लावला. याकूब लाजाळू होता. “बॉल उना, पाय लाया, गया,” तो म्हणाला.

“एवढंच?” अण्णांनी विचारलं.

“एवढंच, अण्णा.”

जेठ्याबाबा हसले. अण्णांनी मशीनवर पाय ठेवला आणि शिवायला घेतलं. पुढच्या पावसाळ्यात जेठ्याबाबा तापाने गेले. याकूबचा संघ त्यानंतर अंतिम सामन्यापर्यंत पोचला नाही.

काही वर्षांनी घरोघरी ट्रान्झिस्टर आले आणि ओट्यावर जमण्याचं कारण उरलं नाही. जिजी गेल्यावर अण्णा सुरतेला मुलाकडे निघाले. मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो होतो. सामान थोडं होतं, कात्रीची पिशवी त्यांनी हातात धरली होती. गाडीला उशीर होता, म्हणून मी त्या दिवसाबद्दल विचारलं. आकडा तरी खरा निघाला, असं मी म्हणालो.

अण्णांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“खरा व्हता, भाऊ,” ते म्हणाले. “पन त्या दिवशे मोजानी गरज नव्हती. म्हतारा पागोटं उतारीसन बठेल व्हता. तेच पाही लेवाले पाहिजे व्हतं.”

गाडी आली. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन ते बसले आणि त्यांनी मला घरी जायची खूण केली.