विहिरीत माझी जाऊ नव्हती

आमचं गाव खालापूर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. तेव्हा जिल्ह्याला कुलाबा म्हणत. मी कळंबकडची. लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू, तिचे दोघे मुलगे आणि माझी थोरली जाऊ. सासूला आम्ही आत्या म्हणायचो. जावेला सहाएक वर्षांची मुलगी होती. जाऊ हसायला लागली की हातातलं काम टाकून हसायची, आणि आत्या ओरडली की आणखी हसायची.

त्या वर्षी आम्ही दोघी एकदमच पोटुशी होतो. मला कुठे दिवस गेलेले, ती पाच महिन्यांवर आलेली. मी पहिलटकरीण म्हणून ती मला विहिरीवर कळशी ओढू देत नसे. "तू नुसती उभी ऱ्हा गं, मला सोबत म्हणून," म्हणायची.

विहीर ओढ्याच्या काठाला. वरच्या अंगाला तेव्हा रस्त्याचं काम निघालं होतं आणि ठेकेदाराने मजुरांच्या झोपड्या ओढ्याच्या काठावरच टाकल्या होत्या. बायापोरं धरून मोठी वस्ती. त्यांना संडास कोण बांधून देणार? ती माणसं ओढ्यालाच जात. भादव्यात ओढा फुगला आणि विहिरीच्या तोंडावरून गेला. पाणी गढूळ झालं. आत्याने हंड्यात तुरटी फिरवली. मग विहीर आपोआप निवळली आणि आम्ही पूर्वीसारखं पाणी भरायला लागलो. निवळ म्हणजे चांगलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

दसऱ्याच्या सुमाराला गावात कावीळ आली. आधी पुरुषांना झाली. माझ्या नवऱ्यालाही झाली. वैदूने मुळ्यांची माळ त्याच्या डोक्यात घातली. माळ वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरते, असं सगळे मानत. पंधरवड्याने तो उठून भात कापायला गेला. कावीळ येते नि जाते, असं आम्ही धरून चाललो.

मग जावेला भात नकोसा झाला, उलट्या होऊ लागल्या. तिला सातवा सरत आला होता. आम्ही म्हटलं, हिचे डोहाळे परत सुरू झाले. तीही हसली. दोन दिवसांनी अंगणात उन्हाला बसली होती तेव्हा मला तिच्या डोळ्यांतला पिवळा रंग दिसला. तिलाही माळ घातली. माळ उतरायच्या आत तिची शुद्ध हरपायला लागली. मला तिने तिच्या आईच्या नावाने हाक मारली. "पाणी दे गं," म्हणाली, आणि मी दिलं. त्याच हंड्यातलं.

कर्जतला न्यायला बैलगाडी जुंपत होते, तेवढ्यात तिचं बाळ मेलेलंच जन्मलं. रक्त काही थांबेना. दुपार व्हायच्या आत ती गेली.

अशी बाई परत येते म्हणतात, अळवंतीण होऊन. म्हणून तिला नेताना वाटेवर राळ्याचे दाणे टाकत नेलं, ते वेचता वेचता तिची परतीची वाट राहावी म्हणून. तिने घरात पाऊल टाकू नये म्हणून आत्याने रडत रडत उंबऱ्यात खिळा ठोकला. तो आवाज मी आतल्या खोलीत पोटावर हात ठेवून ऐकला.

दिवाळी झाली आणि शेजारच्या घरात बाळंतपणाला आलेली लेक तशीच गेली, डोळे पिवळे होऊन. तिच्यामागून खालच्या आळीतली एक पोटुशी बाई. गावात कावीळ झालेले बाप्ये होते, म्हाताऱ्या होत्या, पोरं होती. ती सगळी उठली. पोटुश्याच तेवढ्या जात होत्या.

"अळवंतीण झालीया ती. हिरीत बसलीया," शेजारीण आत्याला तोंडावर म्हणाली. "आपलं गेलं म्हून दुसरीचं वढतीया."

त्या दिवसापासून बायकांनी विहीर सोडली. डोंगराच्या कुशीत ठाकरवाडीजवळ झरा होता, तिथून पाणी आणायला लागल्या. तंगडतोड व्हायची, पण सगळ्या जायच्या. पुढे महिन्या-दीड महिन्यात गावातली कावीळ थांबली. मग कोणाला आणखी पुरावा नको होता. विहीर सोडली नि ओढणं थांबलं, म्हणजे ती विहिरीतच होती.

मला मात्र त्याआधीच कावीळ लागली होती. चौथा संपत होता. लघवी हळदीसारखी व्हायला लागली तेव्हा नवऱ्याने माळेबिळेची वाट न बघता मला कर्जतच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझे डोळे खाली ओढून बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?"

नवऱ्याने विहीर सांगितली, ओढा सांगितला, वरच्या झोपड्याही सांगितल्या. मी जावेचं आणि तिच्यामागून गेलेल्या दोघींचं सांगितलं, आणि जाऊ विहिरीत बसली आहे म्हणतात तेही.

बाई म्हणाल्या, "हे बघ. ही कावीळ घाण मिसळलेल्या पाण्यातून येते. बाकीच्यांना आडवं करते आणि सोडते. पण शेवटच्या महिन्यांतल्या बाईला सोसत नाही. का सोसत नाही, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही. तुझ्या जावेने कोणाला नेलं नाही. तिघी एकच पाणी प्यायल्या."

मी बरी झाले. उन्हाळ्यात मला मुलगा झाला. का वाचले? माझे दिवस कमी भरले होते म्हणून, दुसरं काही नाही. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी आत्याला सांगितलं. ती चुलीसमोर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मंग मी खिळा कशाला ठोकला गं?" आणि तोंडाला पदर लावून इतकी रडली की मला तिला धरावं लागलं.

गावाने काही ऐकलं नाही. मजूर निघून गेले, रस्ता झाला, विहिरीवर कोणी गेलं नाही. जावेची मुलगी माझ्याकडेच वाढली, मला काकी म्हणायची. शाळेतल्या पोरी तिला "अळवंतिणीची" म्हणून चिडवत. एकदा घरी येऊन तिने मला विचारलं, "काकी, माजी आई लोकांची बाळं खाती?" मी तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं, ओढ्यापासून. तिने ऐकून घेतलं. पण विहिरीजवळून जाताना ती माझा हात घट्ट धरायची. आणि खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा यायचा. पाण्याचं सगळं मला ठाऊक होतं. तरी तिन्हीसांजेला तिथून जाताना वाटायचं, आतून कोणीतरी हसलं.

पोर लग्न होऊन पळसदरीकडे गेली आणि पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली. तोवर गावात नळ आला होता. मी तिला पाणी उकळूनच द्यायची. म्हाताऱ्या घरी यायच्या नि सांगायच्या, "पोरीला हिरीकडं पाठवू नकं. नायतर वटी तरी भरून यावा."

एका सकाळी तिनेच नारळ, खण, तांदूळ काढले. "काकी, चल."

"तूही मानायला लागलीस?"

"भुताची नाय भरत मी. आईची वटी भरते. तिची कुनी भरली नाय."

आठवा चाललेला, काठावर वाकताना मी तिला मागून धरलं. खाली पाणी दिसत नव्हतं, नुसती झुडपं वाढलेली. तिने ओटी सोडली, हात जोडले. घरी येऊन पोटभर जेवली.

कर्जतच्या त्याच दवाखान्यात तिला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं पडलं आणि मी पळतच नर्सला बोलवायला गेले. नर्सने बाळ बघितलं, हसली. "अहो, पुष्कळ बाळांना होतं असं. अंगावर पाजू दे, उतरेल चार दिवसांत."

कावीळ उतरली. पण ते चार दिवस मी घास गिळला नाही. पुतणी मला म्हणत होती, "काकी, झोप गं आता." मी खाटेजवळ बसून बाळाचं तोंड बघत होते.