आज मेथी नाही

नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा आम्हाला यवतमाळहून पुण्यात येऊन नऊ वर्षं झाली होती. परदेशातलं काम आटलं आणि त्याच्या टीममधल्या सगळ्यांना कंपनीनं एकाच दिवशी घरी पाठवलं. माझी खराडीतली नोकरी टिकली होती, त्यामुळे चूल पेटत होती. तो तीन महिने मुलाखती देत फिरला. मग एका संध्याकाळी चपलांना चिखल लावून घरी आला.

"अगं, खडकवासल्याच्या मागे अर्धा एकर बघून आलोय. भाजी लावतो."

"काहून? तुला कोथिंबीर आणि ओवा तरी वेगळा ओळखता येतो का?"

मी हे चिडवायला म्हटलं नव्हतं. आमच्या दोघांच्याही घरी शेती नव्हती. त्याचे वडील शिक्षक, माझे पोस्टात. मातीचा आमचा संबंध बाल्कनीतल्या तुळशीपुरता.

जमीन एका बाईंची होती. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं, आम्हीही म्हणू लागलो. दिरांनी आपापले वाटे बिल्डरला दिले होते, आक्कांनी आपला दिला नव्हता. पण गुडघ्यांनी दगा दिला होता आणि रान पडून होतं. "पडीक ठिवण्यापरीस तुम्ही तरी राबा," एवढंच बोलून त्यांनी ते आमच्या हातात दिलं.

नवऱ्याला मात्र भाजीआधी अळिंबीचा, म्हणजे मशरूमचा धंदा सुचला. पुस्तक वाचून त्यानं आक्कांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत भुशाच्या पिशव्या टांगल्या. पहिला बहर सुरेख आला. दुसऱ्याच्या वेळी एप्रिलची उष्णता खोलीत शिरली आणि आठवड्याभरात सगळ्या पिशव्यांवर हिरवी बुरशी चढली. आम्ही दोघं त्या काढून खड्ड्यात टाकत होतो. आक्का काठी टेकत आल्या, खड्ड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "आवं, वाया कुटं गेलंय? वर शेण टाका, पालापाचोळा टाका. पावसाळ्यापतूर झकास खत हुतंय बघा."

आमचं पहिलं खत ते. त्यावरच वांगी, घेवडा, मेथी लागली. आक्का बांधावर पोतं टाकून बसायच्या आणि आम्हाला शिकवायच्या. पिकाला घालायला शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पिंपात कालवून रोज ढवळायचं. बेसन माझ्या डब्यातून जायचं, आणि घरात भजी बंद झाली म्हणून मुलगी रुसायची. घेवड्यावर माव्याची कीड पडली तेव्हा नवरा घाबरून औषधाची बाटली घेऊन आला. आक्कांनी ती हातातून काढून घेतली. "दोन दिस थांबा. ह्याला खाणारा किडा हाय, त्यो यील. आत्ता फवारलं तर त्योबी मरंल." चौथ्या दिवशी पानापानांवर लाल ठिपकेवाले किडे फिरताना दिसले. नवऱ्यानं मला ऑफिसात फोन करून ते सांगितलं. नोकरी गेल्यापासून त्याच्या आवाजात एवढा आनंद मी ऐकला नव्हता.

पुढे वीस गावठी कोंबड्या आल्या, अंडी आली. दर रविवारी सकाळी सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी टेबल मांडून मी विकायला बसायची. मागण्या आधीच मेलवर घ्यायची. पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं: समोरच्या इमारतीतले एक निवृत्त काका. वांगं उलटसुलट करत ते विचारायचे, "अळीला जागा भाड्यानं दिली आहे, की तिनं बळकावली?" आणि तेच वांगं पिशवीत टाकायचे.

दुसऱ्या वर्षी श्रावणात दहा दिवस झड लागली. वाफ्यांत पाणी साचलं, मेथी कुजून गेली. मागण्या तर घेऊन झालेल्या. रविवारी पहाटे नवरा मार्केट यार्डात गेला आणि तिथली मेथी घेऊन आला. मी "नको" म्हणू शकले असते. म्हटलं नाही. उलट नेहमीसारख्या केळीच्या सोपटानं जुड्या बांधल्या, एवढ्या एका आठवड्यापुरतं म्हणून.

त्या दिवशी काका उशिरा आले, तोवर बऱ्याच जुड्या गेल्या होत्या. त्यांनी एक उचलली, चष्मा कपाळावर सरकवला.

"ही तुमची नाही."

मी उगाच अंड्यांचा ट्रे सरळ केला.

"तुमच्या मेथीच्या मुळांना तांबडी माती असते. ही काळी आहे. आपण कुठून आणलीत?"

"मार्केट यार्डातून," मी म्हटलं. "आमची पावसानं गेली."

"गेली तर गेली म्हणा. आम्ही एक आठवडा पिठलं खाऊ. त्याला तुमची परवानगी लागत नाही." त्यांनी जुडी खाली ठेवली आणि अंड्यांकडे बोट दाखवलं. "कोंबड्या तरी तुमच्याच ना?"

"हो."

"मग सहा द्या."

त्यांनी अंडी घेतली नसती, तर मला वाटतं मी टेबल कायमचं आवरून घरी गेले असते. त्या दिवशी जुड्या नेलेल्या प्रत्येकाच्या दारी मी जाऊन खरं सांगितलं. काही जणांनी पुन्हा आमच्याकडून काही घेतलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पुढच्या रविवारी नवऱ्यानं पाटीवर खडूनं लिहिलं: 'आज मेथी नाही.' काकांनी ती नीट वाचली. "शुद्धलेखन बरोबर आहे," म्हणाले आणि घेवडा मागितला.

आक्कांना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. उठून घरात गेल्या आणि राखेत ठेवलेलं मेथीचं बी घेऊन आल्या. "वाफं उंच करा, पाणी निघून जाईल. ह्ये मी तवाच सांगाया पायजे हुतं." चूक आमची होती, आणि त्यातला निम्मा भार त्यांनी आपण होऊन उचलला.

हळूहळू माझ्या ऑफिसातले लोक विचारू लागले, बाल्कनीत काय लावता येईल? नवऱ्यानं रोपं आणि मातीच्या पिशव्या तयार करून विकायला सुरुवात केली, आणि पुढे तोच आमचा मुख्य धंदा झाला. एकदा ऑफिसनं आवारात शनिवारचा वर्ग ठेवला, तेव्हा आम्ही आक्कांना सोबत घेऊन गेलो. गाडीतून उतरल्यावर त्या काचेच्या इमारतीकडे बघत उभ्या राहिल्या.

"माजं म्हायेर खराडीच की," त्या म्हणाल्या. "हितं आमची बाजरी हुती."

त्यांना माझ्याकडून काही ऐकायचं नव्हतं. पदर खोचून त्या टेबलाशी गेल्या आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या पोरापोरींना म्हणाल्या, "हात घाला मातीत. चावत न्हाई ती." एक मुलगी म्हणाली, "आक्का, नेल्स खराब होतील ना!" आक्का म्हणाल्या, "हुंद्या. धुतल्यावर निघतंय." त्या दुपारी सगळी रोपं संपली.

दोन वर्षांनी नवऱ्याला जुन्या साहेबांनी परत बोलावलं. आम्ही दोघांनी रात्रभर नव्हे, एका चहापुरता विचार केला आणि त्यानं नकार कळवला. पुढे मीही नोकरी सोडली. आता रोपवाटिकेत सकाळचा चहा मी करते. आक्का सगळ्यांत आधी येऊन बसलेल्या असतात आणि साखर कमी पडली की मोठ्यानं सांगतात.