फोटोपुढचा चहा

‘लहान होतीस, तुला काय कळत होतं,’ असं कुणी म्हणालं की मला अजून राग येतो. मी अकरा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. फक्त जे कळलं होतं ते उलटं होतं.

धुळ्यात देवपूरला आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यात राहणारी माणसं तीन: आई, भाऊ आणि मी. वडील मी दोन वर्षांची असताना गेले. माझ्यापुरते ते म्हणजे फळीच्या वर टांगलेला, हार घातलेला फोटो. आई सरकारी दवाखान्यात आया होती. भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, आणि घरातला सगळा आवाज त्याचाच. चहा तो कपातून कधी प्यायला नाही. बशीत ओतायचा आणि असा फुर्रकन ओढायचा की भिंतीपलीकडच्या अक्का म्हणत, आमच्याकडे घड्याळाची गरज नाही, चार वाजले ते कळतं. आई त्याच्यावर खेकसायची, पण बशी पुढे करायचीही तीच.

मग आमच्या गल्लीतली निम्मी पोरं गेली तसा भाऊही सुरतेला लूमवर गेला. महिन्याला एक अंतर्देशीय पत्र यायचं, त्यात चार ओळी आणि शेवटी माझ्यासाठी एक चिडवणं. त्या वर्षी संक्रांतीनंतर पत्र आलं नाही. होळी झाली, पाडवा झाला. आईने दोनदा लिहिलं. शेवटी रजा टाकून ती सुरतेला जाऊन आली. खोलीला कुलूप होतं. लूमच्या मुकादमाने मान वर न करता एवढंच सांगितलं की तो गेला. कुठे गेला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आई परत आली तेव्हा तिने पिशवीतून नेलेल्या शेवया तशाच डब्यात ओतल्या, आणि त्यानंतर घरात भावाचं नाव निघेनासं झालं.

मे महिन्यात दुपारी मी अक्कांकडे बसायचे, कारण त्यांच्याकडे कूलर होता आणि नवीनच आलेलं केबल होतं. केबलवाला दुपारी हाताला येईल ती कॅसेट लावून जेवायला जात असावा. एकदा कार्टून लागलं. भाषा कुणालाच कळेना. अक्का म्हणाल्या, चिनी असेल. ती जपानी होती हे मला फार पुढे कळलं. अक्का पाच मिनिटांत घोरायला लागल्या आणि मी एकटीच बघत राहिले.

त्यात एक म्हातारी होती आणि एक मुलगी, समुद्राजवळच्या लाकडी घरात. बाकी फारसं काही घडतच नव्हतं. त्या चहा प्यायच्या. कानच नसलेले कप, दोन्ही हातांत धरलेले, आणि जराही आवाज नाही. चहा हिरवट होता. वाफ सरळ वर जायची, हलायची नाही. मी लक्ष देऊन बघितलं, त्या कितीही वेळ प्यायल्या तरी कपातला चहा उतरत नव्हता. चित्र काढणाऱ्याने एकदाच काढून ठेवला असेल, हे आज समजतं, पण तेव्हा मला त्या भरलेल्या कपांची भीती वाटली. आणि दर वेळी म्हातारी तिसरा कप भरायची. तो एका लहानशा देवळीत, तरण्या माणसाच्या फोटोपुढे ठेवायची आणि हात जोडायची. शेवटी तो फोटोतला माणूस गल्लीतून चालत आला, त्यांच्याशेजारी बसला आणि त्याने तो कप उचलला. मुलगी त्याच्याशी बोलली नाही. त्याचे पाय काढलेले नव्हते. गुडघ्यांखाली नुसतं पांढरं होतं. मला वाटलं, काढायचे राहिले.

एवढ्यावरून मी जे समजायचं ते समजले. फोटोपुढे चहा ठेवला की माणूस येतो.

भावाचा दहावीच्या फॉर्मसाठी काढलेला फोटो पेटीत होता. तो मी भाताच्या शितांनी पुठ्ठ्यावर चिकटवला आणि फळीवर, वडिलांच्या बरोबर खाली उभा केला. दुसऱ्या दिवसापासून चार वाजता चहा करायला लागले. गवती चहा घालून, त्याला लागायचा तसा गोड. त्याचा निळ्या रेघेचा कप, टवका उडालेली बशी. कप ठेवायचा, हात जोडायचे, आणि आई साडेपाचला यायच्या आत सगळं मोरीत ओतून धुऊन ठेवायचं. दीड तासात चहा बोटभर खाली गेलेला असायचा. कपाच्या आत तपकिरी कडं राहायचं. धुळ्याच्या मे महिन्यात उघडं ठेवलेलं काय उतरत नाही? पण मला तेव्हा आनंद व्हायचा. तो थोडा थोडा येतोय असं मला वाटायचं.

नवव्या दिवशी आई लवकर आली. मी अभ्यासाचं पुस्तक मांडीवर घेऊन त्या कपाकडे बघत बसले होते. आई दारातच थांबली. आता मार बसणार म्हणून मी डोक्यावर हात घेतला. तिने मारलं नाही. हे काय आहे, असंही विचारलं नाही. तिने विचारलं, “कितवा दिवस?”

नववा, असं मी सांगितलं आणि ती चपला न काढता खाली बसली.

भिंतीपलीकडून काही ऐकू आलं म्हणून की काय, अक्का आल्या. त्यांनी फळीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मग अगदी हळू म्हणाल्या, “जित्ता मानूसना पुढे असा चहा ठेवतस का, पोरी?”

ते मला त्या दिवशी समजलं. आमच्या भावकीत माणूस गेला की त्याच्या फोटोपुढे रोज, तो प्यायचा त्या वेळी, तो प्यायचा तसा चहा ठेवतात. दहाव्या दिवशी गंधमुक्ती होते, म्हणजे सुतक फिटतं, शेवटचा कप ठेवला जातो, आणि त्यानंतर ठेवत नाहीत. तिथे त्याचं या घरातलं येणंजाणं संपतं. वडिलांच्या वेळी आईने हे सगळं केलं होतं, पण मी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होते. जिवंत भावाचे नऊ दिवस मी माझ्या हाताने घातले होते. आता फक्त दहावा राहिला होता.

कार्टूनमधला तो माणूसही मेलेलाच होता, म्हणून त्याला पाय नव्हते, हेही मला तेव्हाच कळलं. मी भावाला मारलं, असंच मला वाटलं. अक्कांचं म्हणणं होतं, आत्ताच्या आत्ता फोटो उचलायचा, कप पांझरा नदीत टाकायचा आणि पोरीची दृष्ट काढायची. आई दवाखान्यात रोज मेलेली माणसं झाकणारी बाई, अशातशाला भिणारी नव्हती. तिने हिशेब वेगळाच घातला. नवव्याला थांबवलं तर अर्धवट सोडल्यासारखं होईल. दहाव्याला थांबवलं तर पूर्ण होईल. म्हणजे थांबवायचंच नाही.

दहाव्या दिवशी तिने रजा घेतली आणि चहा स्वतः केला. अकराव्या दिवशी पुन्हा केला. अकराव्याचा कप ठेवून झाल्यावर तिने पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानंतर दिवस मोजणं आम्ही सोडून दिलं. तिने सकाळपाळी मागून घेतली आणि रोज चारला ती घरी असायची. मी तिच्या शेजारी बसायचे. दोघी आपला चहा प्यायचो, आवाज न करता, आणि बघायचो तिसऱ्या कपाकडे. वर वडील, खाली भाऊ, दोघांचे डोळे एकसारखे. घर इतकं गप्प असायचं की मला कधी कधी वाटायचं, आम्हालाही कुणीतरी काढून ठेवलंय.

एके दिवशी चहा उतरला नाही. साडेपाच झाले, सहा झाले, साय जशीच्या तशी, कप काठापर्यंत. त्या दिवशी आभाळ आलं होतं, हवा दमट होती, हे मी आता म्हणते. आई कपाजवळ गेली, वाकून पाहिलं, आणि म्हणाली, “आज प्याला नाही.” त्या दिवशी ती जेवली नाही. मलाही वाढायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, चहा उकळत असताना, दारात कुणीतरी उभं राहिलं. बाहेर ऊन होतं आणि आत अंधार, त्यामुळे तोंड दिसेना. मी तोंडाकडे पाहिलंच नाही. मी खाली पाहिलं. पाय होते. धुळीने भरलेले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. मग मी रडायला लागले.

भाऊ निम्मा झाला होता. कावीळ झाली होती, मग ताप आला. मुकादमाने खोलीतून काढलं, आणि कुणा ओळखीच्याच्या पत्र्याच्या खोलीत तो पडून होता. पत्र लिहायला हातात जोर नव्हता, आणि दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं तर आई घाबरली असती, असं त्याला वाटलं. तो सांगत होता, एक दिवस तर पाणीही घशाखाली उतरलं नाही. तो कोणता दिवस, हे आईने विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

आईने चहा ओतला. एक कप त्याच्या हातात दिला. निळ्या रेघेचा कप तिने भरला आणि नेहमीसारखा फळीवर ठेवला. भाऊ त्या फोटोकडे पाहत राहिला. काही न विचारता त्याने आपला कप दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू प्यायला, एवढाही आवाज न करता. अशक्तपणा होता, दुसरं काय. पण माझ्या अंगावर काटा आला.

असं पंधरा दिवस चाललं. भाऊ घरात बसलेला, आणि त्याचा चहा फोटोपुढे. आईला आता थांबवताच येत नव्हतं. ती मला एकदा म्हणाली की हा आलाय खरा, पण ज्या दिवशी मी ठेवणार नाही त्या दिवशी काय होईल ते मला बघायचं नाही. शेवटी भावाने मला मागच्या दारी गाठून विचारलं, आणि मी कार्टूनपासून सगळं सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी चारला आईने कप फळीवर ठेवला तसा तो उठला. “मनाच शे ना तो?” म्हणाला, माझाच आहे ना म्हणून, आणि कप उचलला. आईचा हात अर्ध्यात आला आणि तिथेच राहिला. त्याने बशीत ओतला, फुंकर मारली आणि ओढला. भिंतीपलीकडे अक्कांच्या घरात काहीतरी भांडं पडलं. भाऊ बशी खाली ठेवून म्हणाला, साखर कमी आहे.

फोटो काही फळीवरून निघाला नाही. पण त्या दिवसापासून तीच रीत पडली. भावाचा चहा आधी फोटोपुढे ठेवायचा, आणि त्याने तिथून उचलायचा. आई होती तोवर रोज तसंच चाललं. आता तो फोटो जळगावला माझ्या घरी आहे. भाऊ येतो, केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, मला अजून चिडवतो. मी चहा हातात द्यायला गेले तर घेत नाही, फळीकडे मान करतो. मग मी ठेवते आणि तो उठून उचलतो. तेवढ्या वेळात मी एकदा त्याच्या पायांकडे बघून घेते. मग तो बशी रिकामी करेपर्यंत मी तिथून हलत नाही.