सात पायांचा कुत्रा

आमच्या ताईला वाकडं काही बघवत नाही. पाहुणी म्हणून कुणाकडे गेली तरी चहा येईपर्यंत तिथल्या भिंतीवरचं घड्याळ सरळ करून झालेलं असतं. माझ्या लग्नात सगळे जोडप्याकडे बघत होते, ही माझी कॉलर नीट करत होती. मेव्हणे म्हणतात, "मला हिने पसंत केलं नाही, दुरुस्तीला घेतलं."

अशी बाई दुसरीच्या वर्गाला शिकवते. पोरं तिच्यावर जीव टाकतात. यंदा शाळेने ठरवलं, की मुलांनी आपल्या मनाने करायचं, बाईंनी फक्त सोबत बसायचं. ताईने ते मनापासून मानलं. पालकांच्या बैठकीत इतकं छान बोलली, की मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, टाळ्या वाजवल्या.

मग शाडूचे प्राणी करायचा दिवस आला. मुलांनी सकाळी केले, दुपारी पालक बघायला येणार होते. वर्गातल्या एका चिमुरडीने कुत्रा केला. त्याला सात पाय. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा होता. ताई फळीवरचे प्राणी ओळीत लावत होती आणि तिची बोटं शिवशिवली. तीन पाय काढले, पोट पाण्याने गुळगुळीत केलं, शेपूट जरा वर केली. कुत्रा असा झाला, की भुंकेलच. काढलेल्या पायांचा गोळा करून डब्यात टाकला. वाईट हेतू? छे! मायाच ती.

चिमुरडीचे बाबा आले. "तुझा कुठला गं?"

तिने फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "माझा नाहीये इथे."

"हा काय! तुझ्या नावाची चिठ्ठी आहे पुढे."

"हा उभा आहे. माझा पळत होता." एवढं बोलून ती वाकून टेबलाखाली शोधायला लागली.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. "बघा, किती सुबक! आणि बाईंचं बोटसुद्धा लागलेलं नाही हं!"

ताईने हात पदराआड घेतले. नखांत अजून शाडू होता.

बाबांचा आवाज चढला. "एवढा छान केलास आणि माझा नाही म्हणतेस? सगळ्यांसमोर खोटं बोलतेस?"

ताई नंतर मला म्हणाली, "अरे, तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मोठ्या बाई हसत होत्या ना माझ्याकडे बघून."

चिमुरडीने बाबांकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "असेल माझा."

तेव्हा कुठे ताईला वाचा फुटली. "तिचंच खरं आहे. पाय मी काढले." मोठ्या बाई चष्मा पुसू लागल्या. बाबा ओशाळून हसले, "अहो, चांगलंच केलंत की!" ताई म्हणते, त्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ताईने चिमुरडीची माफी मागितली, चांगली खाली बसून, तिच्या उंचीला येऊन. शाडूचा नवा गोळा दिला. म्हणाली, "पुन्हा कर ना तुझा कुत्रा. पळणारा."

पोरीने गोळा हातात घेतला. दाबून पाहिला. तसाच धरून बसली.

"किती पाय करू, बाई?"

"तुला हवे तेवढे, राणी."

पोरगी विचारात पडली. मग बाईंना बरं वाटावं अशा समजूतदार आवाजात तिने विचारलं, "पण तुम्हाला किती चालतील?"

हे सांगताना ताई आमच्या सोफ्यावर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. समोरचं कॅलेंडर तिरकं लटकत होतं. ती उठली नाही.