सागवानी कॅमेरा

मिस्त्रीकाकांनी आयुष्यात कुठलीही वस्तू आधी लाकडात करून बघितल्याशिवाय विकत घेतली नाही. घरात फ्रिज आणायचं ठरलं तेव्हा त्यांनी दुकानात जाऊन फ्रिजचं माप घेतलं, त्या मापाचं प्लायवूडचं खोकं ठोकलं आणि स्वयंपाकघरात उभं केलं. काकू बिचाऱ्या त्या खोक्याला वळसा घालून गॅसपाशी जायच्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, "आता ह्याच्यातच भाजी ठेवते, खरा आणूच नका." काकांचं म्हणणं एकच. "वस्तू घरात कशी वागती, ते आधी कळाया पायजे." एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र ते जरा हळहळले. "जावई तेवढा लाकडात करता येईना," म्हणाले, "थेटच घ्यावा लागला." जावई इंदूरचा आणि गुणी निघाला, हे त्यांचं नशीब.

केडगावात त्यांचं फर्निचरचं दुकान आणि बरोब्बर समोर माझं औषधांचं. शेजार इतक्या वर्षांचा, पण त्यांनी मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. "ए मेडिकल!" एवढी आरोळी आली की मी काउंटर सोडून बाहेर यायचं. काकू गेल्या त्या वर्षी काकांची साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालणं त्यांना पटेना. "चालून काय हुतं? जिथनं निघालो तिथंच येतो." मी म्हटलं, "मग आमच्याबरोबर रविवारी सायकलवर चला." ते म्हणाले, "सायकलवर तरी कुठं दुसरीकडं पोचतो? पन हां, लांबून येतो." आणि आले. मी, आमचे एक वकीलमित्र आणि काका, अशी आमची तिघांची फौज झाली. सायकल त्यांनी आधी लाकडात केली नाही, कारण माझी जुनी फुकट मिळाली.

खरी भानगड पुढे झाली. काका सायकल चालवायचे कमी आणि थांबायचे जास्त. कुणाच्या घराची जुनी चौकट दिसली की ब्रेक. सोनईत एका दारावरची वेलबुट्टी बघत ते इतका वेळ उभे राहिले, की घरातली बाई बाहेर येऊन विचारू लागली, "काय पायजे? नोटीस आनलीय का?" वकील म्हणाले, "काका, फोटो काढा आणि चला ना." काकांनी फोन काढला, एका हातानं हँडल, एका हातानं फोन, आणि तेवढ्यात फोन वाजला. दचकून सुटला तो थेट रस्त्यावर. मागून उसाची ट्रॉली येत होती. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. त्या दिवसापासून फोन आणि फोटो यांची काकांनी कायमची फारकत करून टाकली. "फोन बोलाया असतो. फोटूला वर धरला की कुनीतरी बोंबलतंच त्याच्यात. मला बारका कॅमेरा पायजे. नुसता कॅमेरा."

झालं! वर्षभर आम्हाला दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. कॅमेरा सायकलवाल्या टीशर्टाच्या पाठीवरच्या खिशात मावला पाहिजे. घामेजल्या हातातून निसटता कामा नये. भिंगावरचं झाकण आपोआप उघडलं-मिटलं पाहिजे, कारण "सुटं झाकन म्हंजे हरवायचीच वस्तू." आमच्याकडची धूळ खाऊन पचवली पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका हातानं निघाला पाहिजे, चालू झाला पाहिजे, फोटो काढला पाहिजे. "दुसरा हात मोकळा पायजे," काका सांगत. कशाला, ते त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं. नगरमधल्या दुकानदारानं लग्नाबिग्नात वापरतात तसला धिप्पाड कॅमेरा पुढे ठेवला तर काका म्हणाले, "हा घेऊन मी सायकलवर बसू, का सायकल ह्याच्यावर ठिऊ?"

मग काकांनी मोबाईलवर कॅमेऱ्यांची मापं शोधली आणि तोच आपला जुना मार्ग धरला. सागवानाचे कॅमेरे! पहिला इतका जाड झाला, की खिशात घातल्यावर टीशर्ट मागून लोंबायला लागला. दुसऱ्याचं भिंग पुढे आलेलं, ते चढावर कंबरेत टोचायचं. तिसरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, तो दोनदा सटकला. चौथा मात्र जमला. वजन बरोबर यावं म्हणून आत खिळे ठोकलेले, धरायला रबराची पट्टी, मनगटात अडकवायला दोरी, काळं पॉलिश. तोंड कुठलं ते कळावं म्हणून पुढे दाराला बसवतात ती बाहेरचा माणूस बघायची काच. तो घेऊन काका महिनोन्महिने सायकलवर हिंडले. चौकट दिसली की एका हातानं काढायचे, डोळ्यासमोर धरायचे आणि तोंडानं "खट्" म्हणायचे.

आम्ही आधी पोट धरून हसलो आणि मग, सवयीचा गुलाम म्हणतात ना, चक्क त्याच्यापुढे उभे राहायला लागलो. वकील तर केस सारखे करायचे. एकदा काका मला म्हणाले, "मेडिकल, एक गंमत बघ. खऱ्या कॅमेऱ्यापुढं मानूस श्वास कोंडून घेतो. लाकडापुढं मोकळा हसतो." स्वतः काका त्याचा उत्तम नमुना. कुणी मोबाईल रोखला की त्यांचा चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा व्हायचा, डोळे वटारलेले आणि ओठ शिवलेले. एरवी सतत दात काढणारा माणूस!

करंजी घाटाच्या पलीकडे रस्त्यालगत एक वस्ती आहे. तिथं गयाबाई आणि दगडूबा यांच्या घरी आम्ही पाण्याच्या बाटल्या भरून घ्यायचो. दोघं दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला जाणारी. केस पिकले तरी कोयता सुटलेला नव्हता. एका रविवारी दोघं बाजेवर बसून मटकी निवडत होती. काकांनी सवयीनं सागवान काढलं आणि म्हणाले, "हसा की जरा!" त्या दोघांना काय माहीत? गयाबाईंनी पदर नीट केला. दगडूबांनी आत जाऊन टोपी घालून आणली. दोघं ताठ बसली. काका म्हणाले, "खट्." मी आणि वकील पाठ फिरवून हसू दाबत होतो.

पुढच्या खेपेला गयाबाईंनी विचारलं, "फोटू कधी देता?" काकांनी थट्टेवारी नेलं. "धुवाया टाकलाय!" त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी पुन्हा विचारलं. दगडूबा मुकादमाकडे गेले होते, त्या एकट्याच होत्या. म्हणाल्या, "आवंदा लवकर निघायचं म्हनत्यात, म्हनून इचारलं. आमचा दोगांचा एक बी फोटू न्हाई वो. लग्नात कोन काढतंय? आधार कारडावर हायेत, पन येगळे येगळे."

काकांचा चेहरा उतरला. पाणी न भरताच सायकलवर बसले. घाट कुठंही न थांबता चढले. वर आल्यावर मी म्हटलं, "काका, एवढं काय मनाला लावून घेताय? पुढच्या रविवारी माझ्या मोबाईलवर काढू, कागदावर छापून देऊ." ते एकदम उसळले. "टोपी घालून आला म्हातारा, मेडिकल! टोपी! आनि मी त्याला लाकूड दाखवलं. आता खऱ्या कॅमेऱ्यानंच काढीन."

त्या आठवड्यात वर्षभराची निवड दोन दिवसांत उरकली. चौथ्या लाकडाच्या मापाचा कॅमेरा पुण्यातल्या एका दुकानात, कुणीतरी वापरून विकलेला, मिळाला. काका एसटीनं जाऊन घेऊन आले. रविवारी उजाडता उजाडता आम्ही निघालो आणि वस्तीवर पोचलो तर दाराला कुलूप. शेजारच्या बाईनं सांगितलं, "परवाच गाडी आलती मुकादमाची. कोल्हारकडं गेल्यात म्हनं."

मला वाटलं, संपलं. आता ती परतल्यावर, सरळ गुढीपाडव्याला बघू.  पण पुढच्या रविवारी पहाटे काका माझ्या दारात घंटी वाजवत उभे. "कोल्हार," एवढंच म्हणाले. केडगावाहून कोल्हार म्हणजे काय थट्टा आहे का? त्या मनमाड रस्त्याला ट्रकांच्या गर्दीत, साठी ओलांडलेला, साखरेचा माणूस! मी खिशात गोळ्या घेतल्या, चॉकलेटं घेतली, वकिलांना उठवलं आणि निघालो. विळद घाटात काका सायकल हातात धरून चालत आले, पण मागे फिरा म्हणायची आमची छाती झाली नाही.

कोल्हारच्या अलीकडे उसाच्या फडांमधून तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या होत्या. काका एकेक करत विचारत निघाले. "करंजीकडची हायेत का कुनी? दगडूबा?" लोकांना वाटे, हे वसुलीवाले. दोन ठिकाणी तर बाया आतच जाऊन बसल्या. तिसऱ्या ठिकाणी फडाच्या कडेला मोळ्या बांधत बसलेल्या गयाबाईंनीच आम्हाला ओळखलं. "आत्ता गं बया! पानीवाले! हितं कुठं?"

काकांनी सायकल आडवी टाकली आणि धापा टाकतच सांगून टाकलं, "बाई, फोटू काढाया आलोय. त्या दिवशी काढलाच न्हवता." दगडूबा उसाच्या पाचटातून बाहेर आले. डोक्याला फडकं गुंडाळलेलं. ते सोडून आत कोपीत गेले आणि टोपी घालून आले. ती टोपी त्यांनी तिथंही आणली होती. दोघं मोळीवर शेजारी बसली आणि खरा कॅमेरा समोर येताच दोघांचे चेहरे पाटीसारखे कोरे झाले. "हसा," वकील म्हणाले. ती आणखी ताठली. काकांनी एक फोटो काढला, बघितला आणि मान हलवली.

मग त्यांनी डाव्या हातानं मागच्या खिशातून ते सागवान काढलं. दोघांपुढे धरलं आणि बोटानं ठोकून दाखवलं, टकटक. "त्या दिवशीचा कॅमेरा ह्यो. बघा, लाकूड हाय. सुतार हाय मी. आत खिळे हायेत निस्ते!"

गयाबाईंनी एकदा लाकडाकडे बघितलं, एकदा काकांकडे, आणि नवऱ्याच्या दंडावर चापट मारली. "अन् तुमी टोपी घालून बसल्ता की वो!" दगडूबांना असं हसू फुटलं, की टोपी तिरकी झाली. त्या हसता हसता त्यांच्या खांद्यावर कलल्या. आणि त्याच क्षणी काकांच्या उजव्या हातातला कॅमेरा, एकाच हातानं, वाजला. दुसरा हात कशाला मोकळा पाहिजे, ते मला त्या दिवशी कळलं.

तो फोटो काकांनी मोठा छापून घेतला, सागवानाची चौकट स्वतः केली आणि पुन्हा कोल्हारला नेऊन दिला. ह्या वेळी मी हट्टानं टेम्पोत बसवलं त्यांना. गयाबाईंनी चौकट पदरानं पुसली, उगाचच, नवीकोरी होती ती. म्हणाल्या, "आता आधार कारडावर ह्योच लावा म्हनावं." काका परतीच्या वाटेवर टेम्पोवाल्याला तेच वाक्य चार वेळा सांगत होते.

नंतर दोनेक वर्षांनी गुडघ्यांनी दगा दिला, दुकान आवरलं आणि मुलगी काकांना इंदूरला न्यायला आली. निघायच्या दिवशी सगळी गल्ली जमली. प्रत्येकानं मोबाईलवर फोटो काढले आणि प्रत्येक फोटोत काका तसेच, डोळे वटारून, ओठ शिवून. शेवटी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि ते सागवान माझ्या हातात ठेवलं. "खरा मी नेतो. तू आधी ह्याची सवय कर. मग घे."

मला एकदम त्यांचीच युक्ती सुचली. उजव्या हातात लाकूड वर धरलं, डाव्या हातात मोबाईल तयार ठेवला. "काका, हसा की जरा!" आणि काका हसले. खांदे हलवून, डोळे मिटून, सगळे उरलेसुरले दात दाखवून हसले. मी बटण दाबणार तेवढ्यात मोबाईल वाजला. कुणाला तरी खोकल्याचं औषध हवं होतं. "बोंबललं का न्हाई!" काका ओरडले आणि आणखीच हसायला लागले. मी काय करणार? तोंडानं "खट्" म्हटलं. गाडी सुरू झाली तशी काका खिडकीतून मान बाहेर काढून गयाबाईंच्या आवाजात म्हणाले, "फोटू कधी देता?"

गेल्या उन्हाळ्यात इंदूरहून त्यांच्या मुलीचा फोन आला. काका गेल्याचं आम्हाला आदल्या दिवशीच कळलं होतं. ती म्हणाली, "दादा, बाबांचा एखादा हसरा फोटो असेल तर पाठव ना. भिंतीवर लावायला. त्यांच्या कॅमेऱ्यात बघितलं, सगळी दारंच आहेत." मी माझा मोबाईल पालथा घातला, वकिलांचा पालथा घातला. शेवटी त्यातल्या त्यात कमी डोळे वटारलेला एक पाठवून दिला.

दुकानात काउंटरवर ते सागवान ठेवलेलं असतं. गिऱ्हाईक विचारतं, जुना कॅमेरा दिसतो, चालतो का? मी म्हणतो, चालतो, त्यात एकच फोटो आहे. मला त्या माणसाची फार आठवण येते. हसरा फोटो आहे त्यांचा माझ्याकडे, अगदी स्वच्छ आलेला, पण त्यांच्या पोरीला पाठवायचा कसा?