कापलेल्या नसेचं टोक

मनोरीहून परतताना मार्व्याच्या धक्क्यावर माझा उजवा पाय होडी आणि दगड यांच्यामध्ये सापडला. ती पन्नास सालानंतरची वर्षं. मी एकवीस वर्षांची होते आणि घाटकोपरच्या एका प्राथमिक शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. आठ दिवसांत पाऊल काळं पडलं. सर्जननी वडिलांना सांगितलं, "पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. उद्याच."

मी नाही म्हणाले. पाय जाण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती मामाकडे बघून बसलेली होती. चार वर्षांपूर्वी गिरणीत मामाचा डावा हात कोपराखाली गेला होता. जखम कधीच भरली होती, तरी सदऱ्याची बाही त्या थोट्या हाताला घासली की तो पांढराफटक पडायचा. जेवता जेवता ताटावरून उठून भिंतीला डोकं लावून उभा राहायचा. आपलंही जन्मभर असंच होणार, याची मला खात्रीच होती.

"मेले तरी चालेल, मला मामासारखं नको," मी सर्जनना म्हणाले.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "मामांना बोलावून घे."

मामा संध्याकाळी आला. सर्जननी पेन्सिलीच्या बोथट टोकाने त्याचा हात चाचपायला सुरुवात केली. इथे काही नाही, तिथेही नाही. मग व्रणाशी एका जागी पेन्सिल टेकली आणि मामा "आई गो!" करून ओरडला. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"कापलेली नस पुन्हा वाढू बघते," सर्जन मला म्हणाले. "पुढे वाट नसली की टोकाशी गाठ होते. यांची गाठ व्रणात अडकलीय. काहीही लागलं की कळ येणारच."

"आणि माझी?"

"गाठ तुलाही होईल. पण मी नस हलकेच खाली ओढेन, नव्या पात्याने कापेन आणि सोडून देईन. ती आपली आपण वर मांसात जाईल, व्रणापासून लांब. तिथे तिला धक्का लागत नाही."

"नक्की?"

"बहुतेक."

मामा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "सही कर गो बाय. माका कोणी ह्या सांगूक नाय होता."

दुसऱ्या दिवशी कमरेत इंजेक्शन दिलं. कमरेखाली सगळं मेलं, पण कान जिवंत होते. डोळ्यांसमोर चादर टांगलेली, पलीकडे हत्यारांची खणखण. मी विचारलं, "नस आली का?" मग पुन्हा, ओरडून विचारलं.

"आत्ता हातात आहे. हलू नकोस," सर्जन म्हणाले. मग नर्सला, "नवीन पातं द्या."

मी श्वास रोखून धरला. किती वेळ, कळलं नाही.

"गेली वर," ते म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

पुढचे दिवस त्याहून वाईट गेले. नसलेल्या अंगठ्याला खाज सुटायची आणि मला वाटायचं, झालं, सुरू झालं. ड्रेसिंगच्या वेळी मी नर्सचा हात धरून ठेवायची. टाके निघाले त्या दिवशी सर्जन म्हणाले, "आता तूच दाबून बघ." सकाळी धीर झाला नाही. दुपारी आई डोळा लागून स्टुलावर पेंगत होती, तेव्हा मी चादरीखाली हात घातला. एक बोट टेकवलं. मग दोन. व्रण हुळहुळला, पोटरीत आत कुठेतरी बारीकशा मुंग्या आल्या. बस, तेवढंच. मी पुन्हा पुन्हा दाबत राहिले, ती कळ शोधत.

मामाने आपल्या हाताची गाठ काढून घ्यायला वर्षभर टाळाटाळ केली. मग काढली. दुखणं पुरतं गेलं नाही, पण ताटावरून उठणं थांबलं.

मला लाकडी पाय मिळाला. पहिल्यांदा त्यावर भार टाकायचा होता तेव्हा मी दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला होता. आईने तोंड फिरवलं. मी आधी डावा हात सोडला, मग उजवा, आणि उभी राहिले.